पुढे स्क्रीनगार्ड, मागे मळ

पूर्वी टेकडीवर माणसं भेटली की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायची. आता मनगटाची करतात. ‘काय काका, आज किती?’ असं विचारायचा अवकाश, काका बाही मागे सारून मिनिटाला किती ठोके पडले ते जाहीर करतात. आकडा मोठा असेल तर आवाजही मोठा. तळजाईवर सकाळी साडेसहाला एवढी हृदयं उघडी केली जातात, की एखाद्या हृदयरोग तज्ज्ञालाही संकोच वाटावा.

आता हे काकाच घ्या. वय ६०. २२० मधून वय वजा केलं की हृदयाचा कमाल वेग १६० निघतो, हे त्यांना पाठ आहे. त्याचे सत्तर टक्के म्हणजे ११२. आणि काय योगायोग पाहा, घड्याळ बरोबर ११२ दाखवतं! ‘चरबी जळतेय,’ काका ग्वाही देतात. घड्याळ मात्र बांगडीसारखं मनगटाच्या हाडावर खालीवर घरंगळत असतं.

या घड्याळाच्या पोटाशी हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यासरशी त्वचेखाली रक्त वाढलं की परत येणारा उजेड कमी होतो आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. पट्टा सैल असला की फटीतून बाहेरचा उजेड शिरतो, घड्याळ हिंदकळतं आणि हृदयाला सोडून चालण्याचाच ताल पकडतं. काकांची पावलं मिनिटाला ११२ पडतात. थोडक्यात, चरबीचं काय होतंय ते देव जाणे. घड्याळ बूट मोजतंय.

बरं, २२० वजा वय हे सूत्रही सरासरीचं. सारख्याच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यातून काका बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेतात. ती हृदयाचा वेग मुळातच आवरून धरते, तेव्हा त्यांना हे सूत्र लागूच पडत नाही. हे डॉक्टर सांगू शकतील. पण डॉक्टर बाकरवडीबद्दलही बोलतात. सूत्र बोलत नाही, म्हणून ते अधिक लोकप्रिय आहे.

ज्यांची निष्ठा याहून कडवी, ते छातीला पट्टा बांधतात. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये खेळाडूंसाठी असं बिनतारी यंत्र बाजारात आणलं. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, ईसीजीचंच तत्त्व. त्यामुळे पळताना तो मनगटी घड्याळापेक्षा जास्त भरवशाचा. त्याची अपेक्षा एवढीच, की बांधण्यापूर्वी आतल्या बाजूच्या पट्ट्या पाण्याने ओल्या कराव्यात, कारण कोरड्या कातडीतून संकेत नीट पोहोचत नाहीत. पण मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने हजारोंचा पट्टा घ्यावा आणि वर चमचाभर पाणीही लावावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली. तो कोरडाच बांधला जातो. घाम फुटेपर्यंत आकडे वाटेल तशा उड्या मारतात आणि त्यातला सर्वांत उंच आकडा फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो. खाली अंगठे येतात.

घरी आल्यावर पट्टा दाराच्या खुंटीवर जातो. खरं तर त्यावरचं यंत्र काढून ठेवायचं असतं. ओल्या पट्ट्यावर राहिलं तर ते चालूच राहतं आणि बॅटरी उतरते. पट्टा दरवेळी साध्या पाण्याखाली धुवायचा, अधूनमधून सौम्य साबण लावायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. ब्लीच आणि इस्त्री वर्ज्य. प्रत्यक्षात खुंटीवरचा पट्टा आठवड्याभराने स्वतःचं अस्तित्व वासाने जाणवून देतो. मग घरातलं कुणीतरी तो चादरींबरोबर ब्लीचमध्ये बुडवतं. पुढच्या रविवारी हृदयाचे ठोके शून्य! त्यावर निदान ठरलेलं: ‘हल्ली मालच खराब येतो.’

मनगटवाल्यांची तऱ्हा याहून न्यारी. घड्याळ घेतलं त्याच संध्याकाळी पुढच्या काचेला स्क्रीनगार्ड चिकटवला जातो. लोकांना दिसते ती हीच बाजू. ज्या मागच्या काचेतून यंत्राला आपलं रक्त दिसायचं, तिच्यावर घाम, सनस्क्रीन आणि अंघोळीच्या साबणाचा थर साचतो. कडेला खरवडलं तर नखात पांढरट चिकटा येतो. त्याच जागी मनगटावर पुरळ उठतं. मग घड्याळ दुसऱ्या हाताला जातं आणि तिथेही आपली छाप सोडतं.

तेव्हा वाचकहो, एवढं कराच. घड्याळ हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला बांधा. व्यायामापुरतं ते हलणार नाही इतपत आवळा, नंतर सैल करा. मागची काच ओल्या मऊ फडक्याने पुसा आणि हात कोरडा करूनच घड्याळ पुन्हा चढवा. छातीचा पट्टा भिजवून बांधा, धुऊन ठेवा. आणि कधी छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली, तर आकडा बघत उभे राहू नका. तो अगदी झकास असला तरी तडक दवाखाना गाठा. ग्रुपवर नंतर कळवता येईल.