तिन्हीसांजेचा गेम

घरातला कॉम्प्युटर फक्त गेम खेळतानाच बंद पडू लागला की घरात दोन तट पडतात. एका तटाच्या मते तो बिघडलेला असतो. दुसऱ्याच्या मते तो आत्ता कुठे शहाण्यासारखा वागू लागलेला असतो. एक्सेल उघडतं, बँकेचं काम होतं, लाइट बिल भरलं जातं, मग त्याला झालंय काय? आमच्याकडे बहुमत या दुसऱ्या तटाचं. अध्यक्षपद अर्थातच माझ्या आईकडे.

दुरुस्तीला मुलगा आला तेव्हा कॉम्प्युटर दृष्ट लागेल असा वागला. त्याने कॅबिनेट उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली (ती सोफ्यावर जाऊन बसली), रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासला. या खोडरबराला हसू नये. कडेवरचं पुट निघालं की मरगळलेली मशीनं खरोखर उठून बसतात. मग त्याने विंडोज सुरू केलं, माउस इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाला, "काका, एकदम ओके आहे." तो जिना उतरून गेला आणि संध्याकाळी कॉम्प्युटर पुन्हा गेला.

माउस फिरवून काय कळणार? एक्सेल उघडून बसलेला कॉम्प्युटर साठ-सत्तर वॉटमध्ये संसार भागवतो. गेम सुरू झाला की आमच्यासारखं आरटीएक्स ३०६० कार्ड एकटंच १७० वॉटपर्यंत जातं, प्रोसेसर सत्तर-ऐंशी मागतो, मॉनिटर आणि पंखे वेगळे, आणि एसएमपीएस आपला वाटा उष्णतेत उडवतो तो निराळा. प्लगातून ओढ साडेतीनशे वॉटच्या पुढे जाते. म्हणजे कॉम्प्युटरची खरी परीक्षा गेमच घेतो. हे वाक्य मी माझ्या मुलासमोर बोलत नाही.

निदानं मात्र घरात ज्याच्या त्याच्या सोयीची होती. मुलाच्या मते कार्ड जुनं झालं, नवं घ्यायला हवं. माझ्या मते प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली होती, कारण ती स्वस्त मिळते. पण तापलेला प्रोसेसर असा एका झटक्यात जात नाही. शंभर अंशांच्या जवळ पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो. रॅम किंवा ड्रायव्हर बिघडला तर बहुधा स्क्रीन निळा होतो आणि एखादा कोड तरी सांगून जातो. आमचा कॉम्प्युटर काहीच न बोलता, प्लग उपसल्यासारखा जायचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद सापडली: कर्नल-पॉवर ४१. अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. पंचनाम्यात "इसम मयत स्थितीत आढळला" लिहितात, तितकंच उपयोगी.

आईचं निदान पहिल्यापासून ठरलेलं होतं. "तिन्हीसांजेला खेळतो ना, म्हणून." शुभंकरोतीच्या वेळी घरात बंदुका चालल्या तर दुसरं काय होणार?

त्या नोंदींत वेळही असते. मी ती सहज पाहिली, तर बहुतेक नोंदी सातच्या आगेमागे. सात वाजता आमच्या सोसायटीत आणखी एक गोष्ट होते: पाण्याचा पंप सुरू होतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि कॉम्प्युटरखालचा यूपीएस लगबगीने बॅटरीवर जातो. त्याच्यावर ६०० हा आकडा ठसठशीत छापलाय, पण तो व्हीए. वॉट फक्त ३६०, तेही बारीक अक्षरांत. एक्सेलचा भार तो हसत पेलतो. गेमचा आला की टुंई करून हात वर करतो.

मोठा यूपीएस घ्यायचा हे ठरलंय. पैसे कोणी द्यायचे हे ठरायचंय. आईला मी पंप, व्होल्टेज, बॅटरी सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगत होते?"

हल्ली पावणेसात झाले की मुलगा गेम सेव्ह करून स्वयंपाकघराच्या दारात येतो.

"आजी, पंप सुरू झाला का गं? तुझ्या खिडकीतून ऐकू येतो."

"आधी दिवा लावू दे. मग ऐकते."