खोलून बघू

आमच्या मामांना बंद पडलेलं यंत्र बघवत नाही. चालू असलेलं तर त्याहून बघवत नाही.

पाहुणा चपला काढतो न काढतो तोच मामांची नजर त्याच्या मनगटाकडे, मग फोनकडे, मग अंगणात लावलेल्या गाडीकडे जाते. "आवाज जरा वेगळा येतोय," ते म्हणतात. आवाज येत नसतो. "खोलून बघू." आणि पाहुण्याचं पाणी पिऊन होईतो त्याच्या घड्याळाचा पट्टा वेगळा आणि तबकडी वेगळी झालेली असते. मामी म्हणतात, "लग्नात आंतरपाट धरला होता, तोसुद्धा यांनी कडेने उसवून बघितला असेल."

ही माणसांची एक स्वतंत्र जात आहे. प्रत्येक नात्यागोत्यात एक असतोच. त्यांच्याजवळ एक पक्कड, टोक झिजलेला एक पेचकस, शिलाई मशीनच्या तेलाची एक कुपी आणि स्क्रूंचा एक डबा असतो. मामांचा डबा वनस्पती तुपाचा आहे. आजवर जोडलेल्या प्रत्येक यंत्रातून उरलेलं काही ना काही त्यात आहे. "उरलं कसं?" असं विचारलं तर मामा शांतपणे सांगतात, "कंपनीवाले जादाचे लावतात."

मामा गुरसरायचे. झाशी जिल्हा, गरौठा तहसील. १७२९ मध्ये बाजीराव छत्रसालाच्या हाकेला धावून गेले, पुढे बुंदेलखंडातला मुलूख पेशव्यांकडे आला, आणि गोविंदपंत खेर तिथे इतके मुरले की त्यांना बुंदेले हेच नाव पडलं. त्या लाटेत जी मराठी घरं इकडे आली, त्यांतलं एक मामांचं. अडीचशे वर्षांत मराठी टिकली. पण ती 'हो'ला 'हओ' म्हणते आणि वाक्याच्या शेवटी 'भैया' लावते. अठराशे सत्तावन सालात गुरसरायचे राजे केशवराव इंग्रजांच्या वतीने जालौन सांभाळायला गेले होते, असं कुणी काढलं की मामा पान लावायला घेतात. एवढी एकच गोष्ट ते खोलत नाहीत.

अशा घरी गेल्या मे महिन्यात मी पुण्याहून मुलाला घेऊन गेलो. सोबत त्याचा नायट्रो ट्रक होता. हातभर लांबीचा, रिमोटवर पळणारा, पण बॅटरीवरचा नव्हे. पोटात खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असलेला. त्याचं इंधन ज्वालाग्राही. ते रेल्वेत नेता येत नाही, म्हणून आम्ही दोन दिवस मोटार हाणत गेलो. मुलाच्या हौसेची ही किंमत.

ट्रक अंगणात ठेवला, इंजिन सुरू झालं, आणि मामांनी हुंगलं.

"हे एरंडेल आहे."

"हो मामाआजोबा. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल."

मामांच्या चेहऱ्यावर लहानपणचे सगळे रविवार उमटले. "चांगलं आहे. यंत्राचंही पोट साफ राहिलं पाहिजे." मग ते वाकले. "आणि स्पार्क प्लग?"

मुलाने सांगितलं की यात ठिणगी नसते. ग्लो प्लग असतो. सुरू करताना त्याची तार बॅटरीने तापवायची, मग बॅटरी काढून घ्यायची. पुढे तारेतलं प्लॅटिनम आणि मिथेनॉल मिळून ती तापलेलीच राहते. "म्हणजे राखेखालचा निखारा," मामा म्हणाले. त्यांची आणि यंत्राची ओळख झाली.

आता दुखणं. एक, ट्रक जागेवर उभा राहत नव्हता. रिमोटला हात न लावता तुळशीवृंदावनाकडे सरकत होता. दोन, त्याला दोन गिअर होते, आपोआप पडणारे, पण दुसरा पडतच नव्हता. पहिल्यातच केकाटत, धूर सोडत, म्हशीच्या वेगाने तो वाड्याला चकरा मारी.

"गिअरबॉक्स," मुलगा म्हणाला. "गिअर पडायचा वेग ठरवणारा एक स्क्रू असतो. डावीकडे फिरवला की लवकर पडतो."

मामांचा पेचकस एव्हाना निघाला होता. पण त्या स्क्रूला षट्कोनी किल्ली लागते, दोनेक मिलिमीटरची, आणि ती मुलाच्या खिशात होती. या एका तांत्रिक अडचणीने तो गिअरबॉक्स वाचला.

मामांनी हार मानली नाही. त्यांनी लूना आठवली.

इथे सांगायला हवं की मामांचं सगळं यंत्रशास्त्र लूनावर उभं आहे. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लूना आणली, आणि पुढे कधीतरी मामांनी एक पुण्याहून गुरसरायला नेली. माझ्या आईला भेटायला आले होते, जाताना आईच्या डोळ्यांत पाणी आणि टपावर लूना. ती मामांनी इतक्या वेळा खोलली की शेवटी शेवटी ती स्वतःच सैल पडून वाट बघायची.

"लूनाला क्लचचा दांडा होता का?" मामांनी विचारलं.

"नव्हता."

"मग क्लच होता की नाही?"

होता. मामांनी जमिनीवर कोळशाने काढून दाखवला. फिरणाऱ्या चाकावर दोन गुटके, त्यांना आत ओढून धरणारी स्प्रिंग, बाहेरून एक वाटी. इंजिन हळू फिरतं तेव्हा स्प्रिंग जिंकते, गुटके आत राहतात, गाडी उभी. वेग वाढला की गुटके बाहेर फेकले जातात, वाटीला धरतात, गाडी निघते. "तुझ्या ट्रकातही हेच. गाडी आपोआप सरकते, म्हणजे वाटी मोकळी नाही. एक तर इंजिन उभ्या उभ्या जास्त धावतंय, नाही तर स्प्रिंग गेली, नाही तर बेअरिंग जाम. खोलून बघू."

पहिल्यांदाच त्या वाक्याला काही अर्थ होता, म्हणून आम्ही सगळेच दचकलो.

मुलाने आधी इंजिनाची धाव कमी केली. ट्रक सरकतच राहिला. मग वाटी काढली. स्प्रिंग शाबूत. पण वाटीतलं बेअरिंग बोटाने फिरेना. करकरलं आणि थांबलं. गंजलं होतं. मामांनी ते चष्म्याजवळ धरलं आणि न्यायाधीशासारखं विचारलं, "शेवटचं कधी चालवलं होतं?"

"जानेवारीत. मग दहावी होती ना."

"तेल घालून ठेवलं होतं?"

मुलगा गप्प. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. चालवून झाल्यावर टाकी रिकामी करून, तेल सोडून ठेवलं नाही तर आत गंज चढतो. बोर्डाच्या परीक्षेने त्याच्या मेंदूला धार लावली होती आणि बेअरिंगला गंज. मामांनी बेअरिंग रात्रभर डिझेलात बुडवलं आणि सकाळी शिलाई मशीनचं तेल पाजलं. तासाभराने ते भिंगरीसारखं फिरू लागलं.

ट्रक जोडला. उभा राहिला. तुळस वाचली.

पण दुसरा गिअर अजून नव्हता. मुलाने तो स्क्रू अष्टमांश, अष्टमांश करत डावीकडे घेतला, फरक शून्य. मामा गिअरबॉक्सकडे बघतच नव्हते. ते धुराकडे बघत होते. नळीतून निळसर लोट निघत होता आणि खाली एरंडेलाचे शिंतोडे.

"जानेवारीत इंजिन लावलंस तेव्हा थंडी होती?"

"सिंहगडाच्या पायथ्याशी, सकाळी सातला. स्वेटर होता."

"आणि आता?"

आता गुरसरायला पंचेचाळीस अंश होते. लू अशी सुटली होती की कावळासुद्धा पायी चालला होता. तापलेली हवा विरळ. इंजिनाला हवा कमी मिळते, पण इंधन जानेवारीच्या हिशोबानेच येतं. "पोट भरलेलं आहे भैया, धावणार कसं? आणि धावलंच नाही तर दुसरा गिअर पडणार कसा? बिचाऱ्या गिअरला कशाला छळतोस?"

मुलाने तो स्क्रू पूर्ववत केला आणि कार्बुरेटरची मोठी सुई उजवीकडे घेतली, अगदी थोडी, म्हणजे इंधन कमी. ट्रक पळवला. पुन्हा थोडी. इंजिन फार तापत नाही ना, हे बघायला त्याने पिस्तुलासारखा तापमापक रोखला: ११८ अंश. मामांनी तांब्यातलं थेंबभर पाणी इंजिनाच्या डोक्यावर टाकलं. थेंब फुटला नाही, तीन-चार सेकंद उकळून गेला. "बरोबर आहे," मामा म्हणाले. दोन्ही शास्त्रांचं एकमत झालं.

मग गल्लीत, संध्याकाळी, तो आवाज आला. केकाटणं चढत चढत गेलं आणि एकदम खाली उतरलं. दुसरा गिअर! ट्रक धुळीची शेपटी काढत गल्लीच्या टोकाला गेला. पोरं ओरडली. एका खाटेवरची आजी उठून बसली. मामांनी टाळी वाजवली, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

"आता आवाज जरा वेगळा येतोय," ते म्हणाले.

"नाही येत," मी म्हणालो. "आम्हाला उद्या निघायचंय."

"हओ," मामा म्हणाले.

वाड्यात सतरा खोल्या आहेत. मामांचा एक मुलगा इंदूरला, एक पुण्यात. खोल्यांना कुलुपं आहेत आणि ती सगळी मामांनी एकदा खोलून परत जोडलेली आहेत. रात्री मला जाग आली तेव्हा ओसरीवर दिवा होता आणि पेचकसाचा बारीक आवाज. मी कूस बदलली.

पुण्याला पोचल्यावर चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, क्लचची वाटी खडखडतेय. मागचा पातळ वॉशरच नाही."

मी फोन लावला.

"हओ, आहे," मामा म्हणाले. "डब्यात आहे."

"कुरिअर करा ना मामा."

"एवढासा वॉशर, कुरिअरात हरवतो भैया." मागे डबा हलवल्याचा आवाज आला. "दिवाळीला या. बसवून देतो."

डब्यातलं मग मला एक एक दिसू लागलं. इंदूरच्या मिक्सरचा स्क्रू. धाकट्याच्या पंख्याची कळ. माझ्या आईच्या घड्याळाची चावी. त्या चावीसाठी ती दर वर्षी माहेरी जात असे.