गाडी कधी वरडती, तात्या?

"ओ भाऊ, गाडी लई वरडायली."

तुराट्यांच्या कुडापलीकडून तात्यांची अशी हाक आली की सकाळचा चहा अर्धा तास लांबला समजायचं. १९७२च्या दुष्काळानंतर नांदेडकडून जिवतीच्या पहाडावर आलेलं हे घर. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ. बोली अजून तिकडची, गाडी मात्र पुरती पहाडी झालेली. जुनी हीरो होंडा स्प्लेंडर, मागं खताचं पोतं आणि गडचांदूरला जायचा-यायचा घाट.

"काय म्हणते मग?"

"घर्रर्र म्हनती. मिस्त्री म्हनला, गिअरबॉक्स गेला. इंजिन खाली उतरवावं लागंल."

"एवढ्यात कशाला खोलता जी? बुलेट थोडीच आहे!"

जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनाच्या मागं वेगळा बसवलेला असतो. इंजिनाला हात न लावता तो उघडता येतो. १९८५ची हीरो होंडा सीडी १०० काय नि १९९४ला आलेली स्प्लेंडर काय, त्यांचे चारही गिअर इंजिनाच्याच पोटात. तिथवर पोचायचं तर इंजिन उतरवून त्याची दोन शकलं करावी लागतात. मजुरी वेगळी, पॅकिंग वेगळं, आणि तोवर शेतात पायी जायचं.

बुलेटचं नाव निघाल्यावर तात्या गप्प बसतात होय! "माझ्या साडूची बुलेट हाय ना, तीन गिअरला कन्हती अन् चौथ्याला गुमान पळती."

"खरं आहे. जुन्या बुलेटला चौथ्या गिअरमधे ताकद सरळ जाते, दात्यांवर भारच येत नाही. तुमच्या गाडीला ती सवलत नाही. चारही गिअरला कोणती ना कोणती जोडी राबतेच. घ्या डबल स्टँडवर. न्यूट्रल करा, मारा किक."

इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला आणि क्लच सोडलेला असला तरी आतला शाफ्ट आणि गिअरच्या काही जोड्या फिरत असतात. त्या वेळी घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर संशय आतल्या शाफ्टच्या बेअरिंगवर, नाहीतर क्लचच्या डब्यावर. क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर क्लचचं बेअरिंग. ते उजवीकडचं कव्हर काढून बदलता येतं. क्लच दाबा की सोडा, आवाज तोच, तर गिअरला बोल लावू नका, टॅपेट आणि टायमिंग चेन तपासा.

तात्यांनी क्लच दाबला, सोडला, परत दाबला. घर्र काही येईना.

"मंग रस्त्यावरच कामून वरडती?"

"कोणत्या गिअरला?"

"समद्याच."

एकाच गिअरला ओरडली असती तर त्या जोडीचे दाते झिजले म्हणता आलं असतं. गिअर आपोआप सुटत असता तर खुंट्या नाहीतर फोर्क गेले. ठरावीक फेऱ्याला टक्-टक् वाजलं तर दाता तुटलाय. तेव्हा गाडी आहे तिथंच उभी करायची, तुकडा अडकला तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं.

इतक्यात ज्वारी पाखडणाऱ्या मावशी सूप न थांबवता बोलल्या, "बंद गाडी उतारावरून आनता, तवा बी वरडतीच की. घर्र आलं की मी तव्यावर भाकर टाकती."

पेट्रोल वाचवायला तात्या शेवटचा उतार इंजिन बंद करून येतात, हे त्या दिवशी अख्ख्या गल्लीला कळलं. पण आमची अर्धी तपासणी मावशींनीच उरकली. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, तरी आवाज चाकाबरोबर येतो, म्हणजे चेन, पुढचं स्प्रॉकेट, चाकाचं बेअरिंग आणि ब्रेक आधी बघायचे. मग चेन कव्हरचं रबरी बूच काढलं, मागचं चाक हातानं फिरवलं. चेन कोरडी ठणठणीत, इंचभर खालीवर व्हावी तिथं चांगली दुप्पट हलत होती. पुढच्या छोट्या स्प्रॉकेटचे दात वाकून विळ्यासारखे झालेले.

"ऑइल कधी बदललं?"

"पोळ्याला."

"कोणत्या पोळ्याला?" हे मावशींनीच विचारलं.

स्प्लेंडरमधे इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच ऑइल, तेही लिटरभरसुद्धा नाही. ते पातळ झालं की चांगले गिअरही कुरकुरतात. सपाट जागी डबल स्टँडवर, काडी न पिळता नुसती टेकवून पातळी बघायची. जुनं ऑइल सोडताना बोटाला चंदेरी भुकटी लागली तर घाबरू नका. नखानं उचलता येईल असा तुकडा निघाला, तर मात्र मिस्त्रीचं ऐका. आणि कारचं उरलेलं ऑइल ओतू नका, क्लच घसरतो. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं घ्या.

तात्यांनी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलली. नव्या चेनला जुने दात ठेवले तर तीही लवकर जाते. घर्र गेली, इंजिन जागचं हललं नाही.

तेव्हा मंडळी, मिस्त्रीला तोंडानं घर्रर्र करून दाखवू नका. गिअर कोणता, क्लच दाबलेला की सोडलेला, इंजिन चालू की बंद, एवढं सांगा आणि मगच इंजिन खोलू द्या. बंद गाडीची परीक्षा घाटात मात्र घेऊ नका. तिथं इंजिनाचा रोध सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. सपाट रस्त्यावर ढकलून बघितलं तरी आवाज कळतो.