गिरणीमालकाची आचारसंहिता

प्रस्तुत आचारसंहिता पिठाची गिरणी, शिंपीकाम, सायकलदुरुस्ती, झेरॉक्स व तत्सम एका शटरच्या सर्व धंद्यांस लागू राहील. दोन शटरवाल्यांनी आपला सल्लागार पगार देऊन नेमावा. एका शटरवाल्याला तो खर्च नाही. त्याला सल्लागार लग्नातच मिळतो.

व्याख्या : या संहितेत ‘मेव्हणा’ म्हणजे बायकोचा भाऊ. त्यात शेजारचा मेडिकलवाला, पुण्याला जाऊन मोठा झालेला वर्गमित्र आणि पाच किलो गहू ठेवून दोन तास बसणारे निवृत्त गृहस्थ यांचाही समावेश होतो. उदाहरणे मात्र सगळी बायकोच्या भावाचीच आहेत.

नियम १. समोरच्या गाळ्याकडे पाहू नये.

आमच्या गिरणीसमोरच्या गाळ्यात आधी एसटीडी बूथ होता. मग सायबर कॅफे आला, मग मोबाइलची कव्हरं, मग मोमो. सध्या गुळाच्या चहाची फ्रँचायझी आहे. प्रत्येक उद्घाटनाला मेव्हणा तिकडचा पेढा खात इकडे येतो आणि म्हणतो, “दाजी, आपण कुठंतरी मागं पडतोय.” गाळा रिकामा होतो त्या दिवशी मात्र त्याला नेमकं काम असतं.

या नियमाला शास्त्रीय आधार आहे. मालक रस्त्याकडे पाहत बसला की हॉपरमधलं धान्य संपतं, दगडाला दगड लागतो, ठिणग्या उडतात आणि टाकी बोथट होते. मग टाकीवाल्याला फोन करायचा. तो उद्या येतो म्हणतो. त्याचा उद्या कधी उजाडतो हे पंचांगात नाही. तो आला, दगड उघडून त्यानं टाके पाडले, तरी लगेच कोणाचं दळण घालता येत नाही. आधी कोंडा नाहीतर टाकाऊ धान्य दळून दगडाची कच काढावी लागते. मोमो बघण्याचा एवढा खर्च येतो.

नियम २. पुढ्यातल्या पिठाकडे पाहावे.

पीठ पाहायचे ते चिमटीने. अंगठा आणि तर्जनी यांत घेऊन चोळावे; जाड, बारीक, रवाळ सगळे तिथेच कळते. पीठ नेहमीपेक्षा गरम येत असेल तर दगड फार आवळले गेलेत किंवा टाकी गेली आहे. ओलसर धान्य कोणी कितीही गोड बोलून आणले तरी घालू नये, दगड माखतात. आणि गरम पिठाच्या डब्याला झाकण लावून देऊ नये. आत घाम धरतो, पिठाच्या गाठी होतात आणि जाळी झाली की नाव गिरणीचं होतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. प्रत्येक गिऱ्हाईक माझ्यासमोर झाकण दाबून लावतं.

नियम ३. क्रम मोडू नये.

धंद्यात भवितव्य, भांडवल, बाजारपेठ यांवर व्याख्याने होतात. मला आजवर एकाच प्रश्नाने घाम फोडला आहे : “आमच्या आधी कोणाचं होतं?” मागच्याचं थोडं पीठ यंत्रात राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं, हे ज्या बाईला कळतं तिला गिरणीतलं सगळं कळतं. बाजरीवर लगेच गहू घातला तर पोळ्या काळपट होतात आणि पुढच्या वेळी ती बाई दुसऱ्या आळीत जाते. डाळींचं यंत्र वेगळं. त्यातही लाडवाचं बेसन रवाळ आणि भज्यांचं बारीक, हे न विचारता कळलं पाहिजे. आषाढी, श्रावण, नवरात्र आलं की सकाळी यंत्र झाडून-पुसून पहिल्यांदा राजगिरा, वरई, शिंगाडा. मग दिवसभर काय ते. मेव्हणा म्हणतो, “यासाठी एक ॲप करू.” ॲपला उपास असतो का, एवढंच मी विचारलं.

नियम ४. यशोगाथा पाहू नयेत. रात्री अकरानंतर तर मुळीच नाही.

नियम ५. ब्रँड करू नये.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं, तेही भारताच्याच प्रस्तावावरून. आमच्याकडे ज्वारी-बाजरी वडिलांच्या काळापासून दळली जाते, पण ती मिलेट आहे हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मेव्हणा फाइल घेऊन आला. फाइलमध्ये पाकिटाचं चित्र होतं आणि पाकिटावर जात्यावर बसलेली एक हसरी आजी. कोणाची आजी, विचारलं. इंटरनेटवरची, म्हणाला.

मी त्याला शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. बाजरीत तेल असतं, तिचं पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं. पाकीट मात्र दुकानात महिनाभर उभं राहणार. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापता-थापता चिरते आणि शिव्या त्या आजीला बसतात. आणि १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पाकीटबंद पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. त्याने तिन्ही गोष्टी फाइलमध्ये ‘आव्हाने’ या मथळ्याखाली लिहून घेतल्या आणि शेवटी विचारलं, “पण आजी चांगली आहे ना?”

आजी खरंच चांगली होती.

नियम ६. घरगुती आटाचक्कीला घाबरू नये.

हे लिहायला फार सोपे आहे. पहिली चक्की आमच्या गल्लीत टेम्पोतून उतरली तेव्हा माझी झोप उडाली होती. अशा चक्क्यांपायी गेलेले बरेच डबे हळूहळू परत आले : कोणाला आवाज सोसेना, कोणाला वेळ पुरेना, लग्नघरी तर त्या यंत्राचा उपयोगच नाही. काही डबे आले नाहीत. त्यांच्यावर ऑइलपेंटने घातलेली नावं मला अजून पाठ आहेत. यावर उपाय माझ्याकडे नाही, त्यामुळे या नियमाला पोटनियम नाही.

नियम ७. दिवाळीच्या आधीचा आठवडा या संहितेतून वगळण्यात येत आहे.

त्या आठवड्यात वाट, ध्येय, एकाग्रता काही उरत नाही, नुसते डबे उरतात. पायरीवर डबे, बाकावर डबे, मोटारीवरसुद्धा कोणीतरी डबा ठेवतं. भाजून थेट आणलेली गरम भाजणी परत पाठवावी, निवल्यावरच घ्यावी. परत कोण पाठवणार, हा प्रश्न आहे, कारण मला बायकांशी भांडता येत नाही. ते मेव्हणा करतो. तो त्या आठवड्यात नोकरीवर रजा टाकतो, डोक्याला रुमाल बांधून काट्याशी बसतो, कोणाचा नंबर कितवा हे चिठ्ठीशिवाय सांगतो. वजनात घट का आली म्हणून कोणी तावातावाने आलं, तर दळताना धान्य तापतं, ओल उडते आणि दोन चिमटी यंत्रातही राहतात, हे तो माझ्यापेक्षा चांगलं समजावतो. मी समजावलं की लोकांना संशय येतो. रात्री शटर ओढेपर्यंत त्याच्या भुवयासुद्धा पिठाच्या झालेल्या असतात. रजा नसली आणि तो दिसला नाही, तर आलेल्या बायका आधी विचारतात, “मामा कुठंयत?” गिरणी कोणाची आहे हे बहुतेकींना माहीत नसावं.

यंदा तो हिशेब करून निघताना पायरीवर थांबला. म्हणाला, “दाजी, चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगा की. फाइलला लागंल.”

तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, सांगितलं.

धने-जिरे किती ते नाही सांगितलं.