आमच्या बाजूने सगळं हिरवं

घरून काम करणाऱ्या ज्या नाशिककराची या माणसाशी गाठ पडलेली नाही, त्याचं नेट तरी कधी गेलं नसेल किंवा त्याला काम तरी नसेल. हिंजवडीची नोकरी पाथर्डी फाट्यावरच्या दोन खोल्यांतून निभावणारा इंजिनिअर रात्री साडेआठला न्यू जर्सीच्या क्लायंटपुढे बोलत असतो. ऐन मुद्द्यावर त्याचा चेहरा पडद्यावर अर्धवट उघड्या तोंडानिशी गोठतो. तो घाईघाईने कंपनीच्या नेटवर्कवाल्याला फोन लावतो आणि पलीकडून अत्यंत संथ सुरात उत्तर येतं, "सर, आमच्या बाजूने सगळं हिरवं आहे." या वाक्यापुढे भलेभले हतबल होतात. गंगापूर रोडची वीज गेली, तरी हिरवं. सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ता खणताना जेसीबीने केबलच वर काढली, तरी हिरवं. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा पोहोचला नाही अशी तक्रार आली, तर हा गृहस्थ आधी आपल्या बाजूचं पातेलं तपासेल आणि मग व्याह्यांना तेच वाक्य ऐकवेल, याबद्दल कुणालाही शंका नसावी.

त्याच्यावरचा राग समजण्यासारखा आहे, पण न्याय्य नाही. आपल्याला खरा संताप येतो तो नेट गेल्याचा नाही. हा माणूस आपल्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, याचा. आपण रडगाणं गातो, तो आकडा मागतो. आणि पुरावा पाहिला तर विश्वास न ठेवण्यातच शहाणपण आहे. 'नेट स्लो आहे' हे वाक्य चार वेगवेगळ्या आजारांना लावलं जातं: वेग कमी, उत्तराला उशीर, मधेच गळणारी पॅकेट, आणि लॅपटॉपवर उघडे ठेवलेले साठ टॅब. त्यातला शेवटचा आजार नेटचा नाहीच. म्हणून तो रस्त्याचे तुकडे पाडतो: लॅपटॉप ते राउटर, राउटर ते नेट पुरवणारी कंपनी, तिथून आपली कंपनी. प्रत्येक टप्प्याला पिंग मारतो, म्हणजे एक छोटा संदेश धाडून तो परत यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजतो. माइक मूस या अमेरिकी प्रोग्रामरने 1983 साली ही युक्ती लिहिली, आणि आजचे झगमगीत मॉनिटरिंगचे पडदेही पुष्कळ अंशी तिच्याच जिवावर उभे आहेत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. नाशिकहून मुंबईला जाऊन परत यायला त्याला दोन मिलिसेकंदांच्या आसपास पुरतात. वळणं आणि यंत्रं धरून फार तर दहा-पंधरा. तिथे तीनशे लागत असतील तर कसारा घाटाला दोष देण्यात अर्थ नाही. पॅकेट कुठेतरी रांगेत उभं आहे, आणि बहुधा ती रांग त्याच घरात, कुणाच्या तरी मोबाइलमधले सहलीचे व्हिडिओ क्लाउडवर चढत असल्यामुळे लागलेली आहे. पहिल्याच टप्प्याला, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या राउटरपर्यंत जायला नव्वद मिलिसेकंद लागत असतील, तर गुन्हा घरातच घडला आहे. दोन भिंती आड, फ्रिजच्या मागे, देव्हाऱ्याच्या वर ठेवलेला राउटर हा बहुतेक मराठी घरांतला न पकडलेला आरोपी आहे.

खरं तर नाशिककराला ही पद्धत परकी वाटू नये. गोदावरीला पूर आला की या गावात कुणी कुणाचं मत विचारत नाही. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे की छातीला, एवढंच विचारतात आणि त्यावर सराफ बाजारातला माल हलवायचा की नाही ते ठरतं. 'मला तरी पाणी फार वाटतंय' या विधानाला रामकुंडावर किंमत नाही. पुराच्या बाबतीत इतकं शहाणं असलेलं गाव वायफायच्या बाबतीत मात्र 'मला तरी सकाळपासून स्लो वाटतंय' यावर अडून बसतं आणि मारुतीकडे बोट दाखवणाऱ्यालाच उद्धट ठरवतं.

यावर पहिला आक्षेप असा की हिरवा दिवा खोटंही बोलतो. हा आक्षेप बिनतोड आहे. अनेक ठिकाणी यंत्रणा दर पाच मिनिटांनी यंत्राची विचारपूस करते. मधल्या वीस सेकंदांत नेट मरून पुन्हा जिवंत झालं तर पडद्याला त्याचं सुतक नसतं. सरासरी तर याहून लबाड. दिवसभरात अर्धा टक्काच खंड पडला, असं नेटवर्कवाला अभिमानाने सांगतो. चोवीस तासांचा अर्धा टक्का म्हणजे सात मिनिटं बारा सेकंद, आणि ती सलग आपल्या सादरीकरणाच्या वेळी आली तर उरलेल्या साडेनव्व्याण्णव टक्क्यांचं काय लोणचं घालायचं? शिवाय 'आमच्या बाजूने' ही त्याची हद्द कंपनीच्या व्हीपीएनच्या दारापाशी संपते आणि माणसाचं दुःख दाराबाहेर सुरू होतं. पण यातून निघतं ते इतकंच, की मोजमाप आणखी बारीक हवं. मोजूच नये, असं निघत नाही. या जातीतला हाडाचा माणूस सरासरी बाजूला सारून त्या सात मिनिटांचा आलेख उघडतो, तुमची वेळ त्याच्या वेळेशी जुळवतो आणि थोड्या नाराजीने कबूल करतो, "मॅडम, आठ बत्तीसला आहे थोडं लाल." हे 'थोडं लाल' त्याच्या तोंडून काढायला जे कष्ट पडतात, तेवढ्या कष्टांत रस्ता खणून नवी केबल टाकून होईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हा माणूस आपल्यावर पाळत ठेवतो. ठेवू शकतो, हे खरं. तुमचं व्हीपीएन किती वाजता जोडलं गेलं, दुपारी तीन ते चार लॅपटॉप कसा योग्यासारखा निश्चल होता, आयपीएलच्या संध्याकाळी डेटाचा आलेख कसा उसळला, हे सगळं त्याच्यासमोर असतं. त्याचं अवजार दुखणं शोधायला घेतलेलं, पण साहेबलोकांना त्यात हजेरीपट दिसू लागतो. तीन ते चार पॅकेट नाहीत, म्हणजे काम नाही, असं गणित मांडलं जातं. कागदावर डिझाइन आखणारा कामचुकार ठरतो आणि माउस आपोआप हलवणारं खेळणं विकत घेणारा कष्टाळू ठरतो. कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची वाट मालकासाठी मोकळी ठेवली आहे. मग तीन ते चारच्या डुलकीच्या आणि साहेबाच्या मधे उभं कोण? तोच, ज्याच्यावर आपण फोनवर ओरडतो. कुणाचा काल काय उद्योग चालला होता, असं साहेबाने विचारलं की तो पडद्याकडे पाहतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "सर, आमच्या बाजूने सगळं हिरवं आहे." सगळेच असं म्हणतात, असा दावा नाही. पण जे म्हणतात त्यांच्या जिवावर घरून कामाची ही सगळी व्यवस्था सुसह्य राहिली आहे. आणि या माणसाचं दुर्दैव असं की त्याचं काम चोख झालं तर त्याला कुणी फोनच करत नाही. ज्यांच्या घरातली प्रत्येक रात्र त्याला आलेखावरून ठाऊक असते, त्यांना त्याचं आडनावही ठाऊक नसतं.

तेव्हा त्याच्यावर चिडावं जरूर, पण आधी लॅपटॉपला केबल लावून पाहावी आणि तक्रारीबरोबर घड्याळातली वेळ सांगावी. कंपन्यांनी त्याला आणखी एक महागडा पडदा घेऊन देण्याऐवजी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी दहा मीटरची केबल पाठवावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. आणि आलेख पाहण्याचा अधिकार साहेबांना न देता त्याच्याकडेच ठेवावा. पाहिलेलं सगळं बोलायचं नसतं, हे त्या सॉफ्टवेअरला कळत नाही, त्याला कळतं.