मर्यादेबाहेरचा खर्च

विधानसभेच्या उमेदवाराने प्रचारावर ४० लाखांहून अधिक खर्च करू नये, असा नियम महाराष्ट्रात २०२२पासून आहे. कारण पैशाने स्पर्धा विषम होते, हे निवडणुकीपुरते तरी सर्वमान्य आहे. ‘नीट’ या देशव्यापी वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या उमेदवारास मात्र अशी मर्यादा नसल्याने, लातूर-नांदेडच्या शिकवण्यांची फी भरण्यासाठी बापाने दोन एकर विकले आणि लेकराच्या डब्यासाठी आई शहरात खोली करून राहिली, तर त्यास त्याग म्हणतात. जून २०२४मध्ये याच परीक्षेतील गैरप्रकाराच्या संशयावरून लातुरात गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा समाजाला धक्का बसला. गुण हप्त्याहप्त्याने घेण्याची रीत असताना ते एकरकमी घेऊ पाहणे अर्थातच अनैतिक होते. विकायला एकरच नसलेल्याची गुणवत्ता कमी पडली, हे तर निकालादिवशी एकमतानेच ठरते.