घरचे फडणीस

पेशवाई बुडाली तेव्हा फडणिशीही बुडाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या एकत्र कुटुंबाने तिन्ही बिऱ्हाडांची मिळून सिंगापूरहून पेनांग-फुकेतकडे जाणाऱ्या क्रूझची तिकिटे एकदा काढली आहेत, त्या कुटुंबाला ती मान्य होण्यासारखी नाही. एरवी ज्यांना भाजी कोणती करावी हेही कोणी विचारीत नाही असे सेवानिवृत्त थोरले काका, तिकिटे निघाल्या क्षणापासून, अनेक कप्प्यांची एक फाईल काखेत मारून घरभर हुकमत गाजवू लागतात, आणि कर्त्या पुरुषांनाही त्यांच्यापुढे दस्तऐवजांसह रुजू व्हावे लागते.

प्रौढांच्या कागदपत्रांत या फडणिसांना गोडी नसते. प्रौढ मनुष्य एका पारपत्रावर दहा वर्षे निर्वेध काढतो. तेथे पराक्रमाला वाव कोठला? त्यांचे खरे रणांगण म्हणजे अज्ञान मुले. मुलाचे पारपत्र साधारणतः पाच वर्षांनी किंवा त्याला अठरा पूर्ण होताच, यांपैकी जे आधी घडेल त्या दिवशी, निकालात निघते. शिवाय प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक नसले, तर असलेली मुदतही नसल्यातच जमा होते. “बंड्या फेब्रुवारीत संपतो,” असे ते जेवता जेवता शांतपणे उद्गारतात, आणि वाढायला आलेल्या आजीच्या हातून आमटीची पळी गळून पडते.

त्याहून रसभरित प्रकरण जन्माच्या दाखल्याचे. प्रसूतिगृहातून नोंद गेली तेव्हा बारसे व्हायचे होते, म्हणून नावाचा रकाना कोरा राहिला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये तो मागाहून भरता येतो खरा, परंतु मागाहून येतो म्हणूनच कोणी भरला नाही, आणि घरादाराला नाचविणारी चार वर्षांची मनी सरकारदरबारी निनावीच राहिली. बंड्याच्या दाखल्यावर आईचे नाव आहे ते लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेले, सासरचे. तिच्या पारपत्रावर मात्र माहेरचे. म्हणजे कागदोपत्री मुलाला दोन आया आणि पुतण्याला दोन बायका, हा निष्कर्ष फडणीस सूनबाईंच्या देखत, चेहऱ्यावरची सुरकुती न हलविता, काढून दाखवितात. मग प्रतिज्ञापत्रे होतात. नोटरीकडे जाताना, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक जाऊन पाचशेचा आला याविषयी, जिवलगाच्या निधनाविषयी बोलावे तसे ते वाटभर बोलतात.

तान्ह्याचे छायाचित्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर, उघड्या डोळ्यांनी व मिटल्या तोंडाने हवे. त्या वयात या दोन क्रिया एकसमयावच्छेदेकरून घडत नाहीत. बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालील बालक जहाजावर घेत नाहीत, सबब त्याचे वय ते आठवड्यांत मोजून ठेवतात. जहाज फिरवून पुन्हा सिंगापुरातच आणून सोडते आणि कायद्याने तो दुसरा प्रवेश ठरतो, हे त्यांनी आधीच हेरलेले असल्यामुळे सर्वांचे व्हिसे अनेक प्रवेशांचे आहेत ना, याची ते दर रविवारी रुजुवात घेतात. कोणी निळे बाल आधार पुढे केलेच, तर “ते मुंबई-गोव्याच्या बोटीला चालेल,” असे म्हणून त्या जलमार्गाचा आणि तो पत्करणाऱ्यांचा एकदम निकाल लावतात. मला विचाराल तर त्यांचे चुकते असे फारसे काही नसते. नियम ते मनापासून वाचतात इतकेच, आणि असा रसिक वाचक नियमकर्त्याच्याही वाट्याला क्वचितच येतो.

त्यांच्या हयातीतला सोन्याचा क्षण सिंगापूरच्या मरीना बे येथील क्रूझ टर्मिनलवर येतो. आईबापांवाचून मामाबरोबर निघालेल्या भाचीला खिडकीपलीकडचा अधिकारी आई कुठे म्हणून विचारतो. ती सत्यप्रिय कन्या “घरी” म्हणते. आणि अवघ्या परिवाराच्या पोटात गोळा येत असता फडणिसांच्या मुखावर मात्र प्रसन्नता पसरते. उभयतांच्या सह्यांचे व नोटरीच्या मोहोरेचे संमतिपत्र, आईबापांच्या पारपत्रांच्या नकला, भाचीचा जन्मदाखला, असे एकामागून एक सादर होते, आणि अधिकारी ते परत करू लागला की “असू द्या, आमच्याजवळ आणखी प्रत आहे,” असे ते शुद्ध मराठीत त्याला आश्वासन देतात.

पुढे, काही जहाजांवर रिवाज असतो त्याप्रमाणे, बंदरोबंदरीच्या सोपस्कारांसाठी सर्वांची पारपत्रे जमा करून घेतात. मंडळी डेकवर समुद्र पाहात असतात. फडणीस मुलांच्या पारपत्रांची पावती मागत खालीच उभे. पावतीची पद्धत नाही असे कळल्यावर ते डायरीत यादी लिहितात, स्वीकारणाऱ्या मुलीच्या बिल्ल्यावरील नाव व वेळ नोंदवितात, आणि साक्षीदार म्हणून बंड्याची सही घेतात. ती घेताक्षणीच अज्ञानाची सही चालायची नाही हे ध्यानात येऊन ती खोडतात, खोडल्याबद्दल स्वतःची आद्याक्षरे घालतात, आणि कोणी सज्ञान मनुष्य सापडतो का ते पाहण्यासाठी पोहण्याच्या तलावाकडे निघतात.